स्वामीजी, स्मृती आणि साचा

१९०३ हे साल इतिहासात ओळखले जाते ते लॉर्ड कर्झनच्या दिल्ली दरबारासाठी. त्या थाटामाटाशी कसलाही संबंध नसलेली दोन मुले त्याच वर्षी या देशात जन्मास आली. जून महिन्यात बिहारमधील मोतीहारी येथे अफूच्या सरकारी खात्यात नोकरीस असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी एरिक ब्लेअर जन्मला, आणि ३ ऑक्टोबर रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे खेडगीकरांच्या घरी व्यंकटेश जन्मला. दोघांनीही पुढे आईवडिलांनी ठेवलेली नावे टाकून दिली. ब्लेअरचा जॉर्ज ऑर्वेल झाला आणि व्यंकटेश भवानराव खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. दोघांची गाठ कधी पडली नाही. तरीसुद्धा एकाने जे राज्य कल्पनेने उभे केले, त्याचे कितीतरी विधी दुसऱ्याने प्रत्यक्षात भोगले होते, ही गोष्ट मराठवाड्यातील वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटीफोर’ ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक सरकारी कचेरीतला एक कारकून आहे. जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर आजच्या सोयीप्रमाणे बदलून ठेवणे, हे त्याचे रोजचे काम. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ मध्ये पुस्तके जाळली जातात आणि काही हट्टी माणसे एकेक ग्रंथ मुखोद्गत करून स्वतःच ग्रंथ होऊन हिंडतात. पुढे असा लेखनप्रकार मुलांसाठीही रुजला. लोइस लोरी यांच्या १९९३ च्या ‘द गिव्हर’ या कादंबरीत सगळा समाज एकसारखा केलेला आहे. तिथे रंग नाहीत, दुःख नाही, निवड नाही. सर्वांच्या वतीने गतकाळ लक्षात ठेवण्याचे ओझे एकाच माणसाच्या शिरावर दिलेले असते आणि बारा वर्षांच्या एका मुलाला ते उचलायला शिकवले जाते. या साऱ्या दुःस्वप्नराज्यांत क्रम बहुधा सारखाच असतो. आधी स्मृती जाते, मग शब्द जातात, आणि शेवटी ज्याला स्वतःचे असे काही आठवत नाही तो माणूस आपणहून साच्यात बसतो. कुमारवयातल्या वाचकाला हे पुस्तक वाचताना भय वाटते आणि मिटल्यावर सुटल्यासारखे होते. देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीर या भागातल्या मुलांच्या आजोबा-पणजोबांना मात्र पुस्तक मिटण्याची सोय नव्हती.

अर्थात निजामाच्या हैदराबाद संस्थानाला ऑर्वेलच्या यंत्रवत राज्याचा नमुना ठरवणे अतिशयोक्तीचे होईल. ते एक जुने, सैल, सरंजामी राज्य होते. जहागिरी होत्या, खुद्द निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फेखासचा मुलूख होता आणि गावोगाव अंमलदाराची मर्जी हाच कायदा होता. त्या राज्याने उर्दूत उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली काढले. देशी भाषेतून सर्व ज्ञान शिकवता येते हे त्या काळात दाखवून देणे, ही लहान गोष्ट नव्हती आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी भाषा राज्यातल्या थोड्या लोकांची, ती कचेरीची, न्यायालयाची आणि माध्यमिक शाळेची झाली. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्यांची मुले पुढे शिकू लागली की आपली भाषा घरी ठेवून शाळेत जात. सभा भरवायची तर आधी परवानगी घ्यावी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले परिपत्रक म्हणजे तोंडाला घातलेले कुलूप होते. खासगी शाळा काढण्यास परवानगी, आखाडा काढण्यास परवानगी. बाहेरची वृत्तपत्रे सरकारच्या मनात आले की सरहद्दीवर अडत. हे सर्व नियम अतिशय शांतपणे, कागदोपत्री, सहीशिक्क्यानिशी चालत असत. माणसे दबून राहतात ती सोटा पाहून. पण दबणे अंगवळणी पडते ते अर्ज लिहिता लिहिता, हे कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

अशा राज्यात रामानंद तीर्थ बाहेरून आले. त्यांचे शिक्षण सोलापुरात, म्हणजे ब्रिटिश अंमलाखालच्या मुलखात झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले तेव्हा व्यंकटेश सतरा वर्षांचाही झालेला नव्हता. त्या दिवशी त्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशाची सेवा करण्याचा निश्चय केला. या वयात निश्चय पुष्कळ मुले करतात. तो पन्नास वर्षे पाळणारा एखादाच निघतो. असहकाराची हाक आली तशी त्याने सरकारी शाळा सोडली, राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली आणि अंमळनेर व टिळक विद्यापीठ या मार्गाने शिक्षण पुरे केले. पुढे ना. म. जोशी यांच्याजवळ राहून कामगार चळवळीचे काम केले. मुंबईच्या गिरणगावात माणूस यंत्राचा भाग कसा होतो, भोंग्याबरोबर उठतो आणि भोंग्याबरोबर झोपतो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले असणार. त्यांच्या पुढच्या राजकारणात आर्थिक न्यायाचा जो आग्रह दिसतो, त्याचे मूळ मठात शोधण्यापेक्षा या चाळींत शोधणे अधिक सयुक्तिक आहे. ते काम चालू असतानाच दुर्धर आजाराने त्यांना अंथरुणास खिळवले. तो वेग थांबला आणि बरे झाल्यावर ते वळले ते एका खेड्यातल्या शाळेकडे.

हिप्परगा हे गाव तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी तिथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा काढली होती. सरकारी शिक्षणखात्याच्या साच्याबाहेर राहून चालणारी, सरकारी मान्यतेची आणि म्हणून नोकरीचीही आशा न देणारी अशी ही शाळा. आपला मुलगा तिथे पाठवणाऱ्या पालकाला त्याच्या भवितव्यावर पाणी सोडावे लागे, ही गोष्ट आजच्या पालकाने क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावी. मुले शिक्षकांबरोबर राहत, श्रम करत, मराठीतून शिकत. निजामी राज्यात वाढलेल्या मराठी मुलाला आपल्या भाषेत गेल्या काही शतकांत काय काय लिहिले गेले आहे, आपल्या प्रांताबाहेर देशात काय चालले आहे, हे कळण्याच्या ज्या थोड्या जागा होत्या त्यांपैकी ही एक. कादंबरीतल्या त्या वृद्धाप्रमाणे स्मृती एका मुलाच्या हाती गुपचूप सोपवण्याचा प्रकार इथे नव्हता. चार भिंतींच्या आत, फळ्यावर, सगळ्या वर्गासमोर ती सोपवली जात होती. व्यंकटेश खेडगीकर १९२९ च्या सुमारास या शाळेत आले आणि शिक्षक झाले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे तिथले आणि पुढचेही सहकारी. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यात जी कर्ती माणसे दिसतात, त्यांतील किती जण मुळात शाळामास्तर होते हे मोजू लागल्यास संख्या आश्चर्य वाटावे इतकी भरेल. त्या राज्याने सभेला बंदी केली, पक्षाला बंदी केली. वर्गाला पूर्णपणे बंदी करणे त्याला जमले नाही.

हिप्परग्याला असतानाच त्यांनी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि खेडगीकरांचे रामानंद तीर्थ झाले. येथे एक कोडे आहे. संन्यास म्हणजे परंपरेच्या दृष्टीने स्वतःचे श्राद्ध स्वतः घालणे. नाव जाते, गोत्र जाते, घर जाते, मागील आयुष्य आठवायचे नाही असा दंडक असतो. सर्वांना एकाच रंगाचे वस्त्र मिळते. दुःस्वप्नराज्य माणसाकडून जे जबरदस्तीने काढून घेते, ते सारे संन्यासी आपणहून टाकतो. मग व्यक्तित्व उरते कुठे? स्वामीजींच्या बाबतीत उत्तर त्यांच्या आचरणात सापडते. त्यांनी टाकले ते सगळे स्वतःचे होते. दुसऱ्याचे काही टाकायला लावले नाही. आणि भगवे वस्त्र अंगावर घेऊनही ते मठाच्या साच्यात बसले नाहीत. मठ नाही, शिष्यशाखा नाही, पाद्यपूजा नाही. संन्याशाने राजकारण करू नये हा एक संकेत आणि राजकारण्याने भगवे घालू नये हा दुसरा. दोन्ही संकेत मोडून हा माणूस जगला. त्याचे वस्त्र पाहून निजामाच्या सरकारला तो हिंदू धर्माचा प्रचारक वाटला. काही हिंदू पुढाऱ्यांनाही तो आपल्यातलाच वाटला असावा. त्यांचा भ्रमनिरास लवकरच व्हायचा होता.

१९३५ साली स्वामीजी मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला आले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत पडले. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९३८ मध्ये लातूरला दुसरे. परिषदेचा आरंभीचा सूर विनंतीचा होता. ग्रंथालये असावीत, मातृभाषेतून शिक्षण असावे, सभेचे स्वातंत्र्य मिळावे. वकील आणि सुशिक्षित मंडळींनी जपून टाकलेली ती पावले होती आणि त्या काळात तीही धाडसाचीच होती. स्वामीजींनी शाळा सोडून या कामाला वाहून घेतले आणि सूर बदलला. विनंतीच्या जागी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी आली. म्हणजे राज्यकर्त्याने प्रजेला उत्तर द्यावे, ही मागणी. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भागांची मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले. सप्टेंबर १९३८ मध्ये, संस्था रीतसर स्थापन होण्याच्या आतच, सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्मास न आलेल्या संघटनेवर बंदी घालण्याचा हा प्रकार पाहिला की कादंबरीकारांची कल्पनाशक्ती थिटी वाटू लागते.

सरकारचा एक मोठा आक्षेप नावावर होता. काँग्रेस हा शब्द नको होता. त्या नावाने राज्याबाहेरच्या देशाशी नाते जोडले जाते, हे सरकारला बरोबर कळले होते. पुढे दोन वर्षे वाटाघाटी झाल्या. नाव बदलले तर बंदी उठेल अशी आशा दाखवली गेली, दुसऱ्या नावाचा विचारही झाला, आणि तरी सरकारचे समाधान झाले नाही. अखेर नाव राहिले आणि बंदीही राहिली, ती थेट १९४६ पर्यंत. स्वतःचे नाव एका क्षणात टाकून देणाऱ्या माणसाने संघटनेच्या नावासाठी इतकी वर्षे तुरुंग पत्करावा, यात विसंगती दिसेल. तशी ती नाही. एक नाव त्याच्या एकट्याचे होते. दुसरे नाव लक्षावधी लोकांनी आपल्याला काय म्हणून ओळखावे याचे होते. ते बदलण्याचा अधिकार आपला नाही, अशी ही जाणीव होती.

ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत गोविंदराव नानल होते. स्वामीजी लगेचच मागोमाग तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह संस्थानात चालू होते आणि ते धार्मिक हक्कांसाठी होते. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे एकच वाटत होते. तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये आपला सत्याग्रह स्थगित केला. लोकांमध्ये उत्साह उसळलेला, तुरुंग भरत चाललेले, आणि अशा वेळी थांबायचे! अनुयायांना हा निर्णय पचवणे किती जड गेले असेल याची कल्पना करता येते. आपली चळवळ दुसऱ्या कोणाच्या साच्यात ओतली जाऊ नये म्हणून ती थांबवणे, हे जिंकण्यापेक्षा अवघड काम आहे. स्वामीजींच्या चरित्रातला हा प्रसंग व्याख्यानांत सहसा येत नाही. थांबण्यावर टाळ्या पडत नाहीत, हे त्याचे कारण असावे.

पुढारी तुरुंगात असताना १९३८ च्या हिवाळ्यात जे घडले, ते मुलांनी घडवले. औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणण्यास सुरुवात केली. विद्यापीठाने मनाई केली. विद्यार्थ्यांनी ऐकले नाही. तेव्हा त्यांची नावे पटावरून काढण्यात आली. परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेला पैसा, सारे एका सहीने गेले. पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या पिढीतले एक. ते स्वामीजींना आयुष्यभर गुरुस्थानी मानत राहिले. या मुलांना कोणी पुढारी गीत म्हणा असे सांगायला आला नव्हता. म्हणून त्यांचे म्हणणे आणि आज एखाद्या समारंभात रांगेत उभे राहून म्हणणे, यांत फरक करावा लागतो. तेच शब्द, एके ठिकाणी ते म्हटल्याबद्दल पटावरून नाव जात होते, दुसऱ्या ठिकाणी न म्हटल्याबद्दल जाऊ शकते. गीत कोणते आहे यावरून स्वातंत्र्य ठरत नाही. मान हलवण्याची मुभा आहे की नाही, यावरून ठरते.

१९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह आणि पुन्हा तुरुंग. १९४६ मध्ये बंदी उठली आणि स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यानंतरची दोन वर्षे नांदेड जिल्ह्याच्या स्मरणात रक्ताने लिहिली गेली आहेत. त्याच १९४६ साली बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. जून १९४७ मध्ये निजामाने आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले. त्याच महिन्यात स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याची मागणी पुढे केली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देशात सर्वत्र तिरंगा चढत असताना, हैदराबादेत तो चढवल्याबद्दल स्वामीजींना पकडण्यात आले. नोव्हेंबरच्या अखेरीस जैसे थे करार झाला तेव्हा ते सुटले आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा पकडले गेले. रझाकारांच्या धुमाकुळाच्या काळात ते बव्हंशी गजाआडच होते. सरहद्दीवर उमरखेडसारख्या ठिकाणी तरुणांचे कॅम्प चालले होते, उमरीची बँक लुटली गेली होती, खेडी ओस पडत होती. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. निजामाने भारतात सामील व्हावे असे ते उर्दूत, आपल्या सहीने, राजधानीत बसून लिहीत होते. आपल्या समाजाकडून अपेक्षित असलेल्या साच्यात बसण्यास नकार देण्याचे इतके लखलखीत उदाहरण त्या लढ्यात दुसरे क्वचितच सापडेल. मराठवाड्यातल्या किती शाळकरी मुलांना त्यांचे नाव सांगता येईल, हा प्रश्न शिक्षकांनी एखाद्या वर्गात विचारून पाहण्यासारखा आहे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी सुटले. मुक्तिदिनाची कथा बहुधा इथे संपवली जाते. प्रत्यक्षात ती तिथे संपली नाही. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या कित्येक भागांत मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांनी मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजारांच्या दरम्यान धरला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घातली. तो अहवाल सहा दशकांहून अधिक काळ सामान्य वाचकाच्या दृष्टीआड राहिला. रझाकारांनी जाळलेली गावे आणि त्यानंतर सूडाने संपवलेली कुटुंबे, या दोन्ही आठवणी या जिल्ह्यात शेजारशेजारच्या घरांत राहतात. एक आठवण ध्वजाखाली उभी राहून सांगितली जाते, दुसरी दार लावून. आकड्यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु अर्धी आठवण ठेवणारा समाज ती अर्धी तरी खरी ठेवू शकतो काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. ज्या माणसाने आपला लढा धर्माचा नाही हे दाखवण्यासाठी ऐन भरात आलेला सत्याग्रह थांबवला, त्याच्या नावाने होणाऱ्या समारंभात तरी हा प्रश्न टाळला जाऊ नये.

स्वातंत्र्यानंतर त्यांना सत्तेचे पद मिळवणे अशक्य नव्हते. त्यांनी ते घेतले नाही. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले. स्वामी गट आणि बुर्गुल रामकृष्ण राव यांचा गट असे स्टेट काँग्रेसमध्ये तट पडले होते आणि मुख्यमंत्रिपद दुसऱ्या गटाकडे गेले. त्या भांडणात स्वामीजींची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. नैतिक अधिकार असलेल्या माणसाच्या भोवती जमलेले लोक नैतिकच असतात असे नव्हे, आणि संन्याशाला आपल्या गटाचा हिशेब नीट ठेवता येत नाही. पण एका प्रश्नावर त्यांनी जी भूमिका घेतली ती वेगळ्याच तोडीची होती. हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे विभागले जावे, असे त्यांचे मत होते. पंडित नेहरूंना आरंभी हे विभाजन नको होते. तीन भाषांच्या लोकांना ज्याने एका संघटनेत आणले, जो त्या साऱ्या राज्याचा सर्वमान्य नेता होता, तोच ते राज्य विसर्जित करा म्हणत होता. विभाजन झाल्यावर त्याला स्वतःचा असा मतदारसंघ, प्रांत, राजधानी काहीच उरणार नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते झाले. देगलूरकरांना याचा अर्थ कोणी समजावून द्यायला नको. राज्यपुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्यात घातला. मात्र देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे वगळून, तसेच मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे वगळून. तालुका मधोमध कापला गेला. बिचकुंदा, जुक्कल आधी आंध्र प्रदेशात गेले आणि २०१४ पासून तेलंगणात आहेत. सोयरीक, बाजार, देवाच्या यात्रा त्या रेषेला जुमानत नाहीत. देगलूरच्या बाजारात तेलुगू आणि कन्नड कानी पडते आणि कोणी मागे वळून पाहत नाही. निजामी राज्यात एक भाषा सर्वांवर होती. भाषावार प्रांतांत प्रत्येकाला आपली भाषा मिळाली, पण सरहद्दीवरच्या माणसाला दोन-तीन भाषांपैकी कोणती आपली हे कागदावर लिहून द्यावे लागू लागले. स्वामीजींना ही किंमत दिसली नसेल असे नाही. कन्नड मुलखात जन्मून मराठी मुलखात काम केलेला आणि तेलुगू राजधानीत राहिलेला तो माणूस होता. बहुसंख्यांच्या मुलांनी आपल्या भाषेत शिकावे, हे त्यांनी त्या किमतीपेक्षा मोठे मानले.

या राज्याची कागदी स्मृती अजून कचेऱ्यांच्या फडताळांत आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या तहसिलींतून निजामकालीन दफ्तरे बाहेर निघाली आणि ती वाचायला उर्दू व मोडी जाणणारी माणसे शोधत फिरावे लागले. ज्या लिपीच्या सक्तीविरुद्ध एका पिढीने झगडा केला, त्या लिपीचे वाचक दुसऱ्या पिढीला हवे झाले. सक्ती गेली हे योग्यच झाले. लिपी विसरली गेली हे मात्र नुकसान झाले.

नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मिळाले. देगलूर, उदगीर, लातूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर ते छापलेले असते. दर १७ सप्टेंबरला त्यांच्या छायाचित्राला हार घातला जातो, निबंधस्पर्धा होते, आणि पन्नास निबंधांत तीच बारा वाक्ये त्याच क्रमाने येतात. दोष मुलांचा नाही. त्यांना बक्षीस त्या वाक्यांनाच मिळते हे ती अनुभवाने शिकली आहेत. सरकारी शाळा सोडलेल्या, मान्यता नसलेल्या शाळेत शिकवलेल्या, सरकारला नको असलेले नाव आठ वर्षे न सोडलेल्या माणसाचे चरित्र पाठ करून घेण्यात जी विसंगती आहे ती कोणाला फारशी खटकत नाही. एखाद्या मुलाने त्याच निबंधात सत्याग्रह का थांबवला असा प्रश्न लिहिला, किंवा शोएबुल्ला खानांचे नाव लिहिले, किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने सांगितलेली पाठ्यपुस्तकात नसलेली गोष्ट लिहिली, तर त्याचे गुण वाढतील की कापले जातील, हे परीक्षकाने स्वतःशी ठरवायचे आहे.

१९६२ नंतर स्वामीजी निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले. खादी, भूदान आणि शिक्षणसंस्था यांत त्यांचे लक्ष राहिले. १९६७ साली त्यांनी हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यात स्वतःच्या जन्मापासूनचा पाल्हाळ नाही. संन्याशाने पूर्वाश्रम आठवू नये हा दंडक त्यांनी तेवढ्यापुरता पाळला आणि लढा मात्र तपशिलाने लिहून ठेवला. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठवाड्याला हैदराबादेपासून वेगळे होऊन पंधरा वर्षे झाली होती. बेगमपेठेत त्यांचे स्मारक आहे. देगलूरहून तिथे जायचे तर गाव सुटल्यावर थोड्याच वेळात रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी बदलते.